मोती आणि शेरूच्या ताटात काय वाढावं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घर इंदूरच्या राजेंद्र नगरात. स्वयंपाकघर शाकाहारी, अंडं चालतं पण गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर. सात वर्षांचा मोती, स्पिट्झ, वजन 10 किलो. तीन आठवड्यांपूर्वी आलेला लॅब्राडॉरचा शेरू, आता अडीच महिन्यांचा, वजन 8 किलो. दोघंही दूध-पोळी आणि वरण-भात खातात, मोती सकाळी आजोबांच्या बशीतले पोहेसुद्धा. दुकानातले कोरडे दाणे तुमच्या मनाला पटत नाहीत. आपण ताजं जेवायचं आणि त्यांनी पाकिटातलं का, असं तुम्हाला वाटतं. म्हणून दोघांसाठी एकच जेवण घरी शिजवायचं आहे, ते कसं, असं विचारलंत. शिवाय दुकानदाराने शेरूसाठी कॅल्शियमची बाटली दिली आहे, ती किती द्यायची हेही.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. मोतीला घरचं जेवण जरूर करा, मापं खाली देतो. शेरूला मात्र वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा वर्षाचा होईतो, पूर्ण घरचं देऊ नका. दोघांचं ताट एक होऊ शकत नाही. आणि शेरूचं खाणं मी सांगतो तसं बदललंत, की ती बाटली बंद.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून मला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत उपाशी ठेवलेली पिल्लं माझ्याकडे फार कमी आली. आजारी पडून आली ती लाडाने वाढवलेली. एक पिल्लू अजून डोळ्यासमोर आहे: जर्मन शेफर्ड, चार महिन्यांचं, उचलून आणलेलं. घरची माणसं त्याला रोज बाजारातून ताजं बिनहाडाचं चिकन आणून भातात कालवून देत होती, एक दिवस खाडा नाही. आठवडाभर ते लंगडत होतं, त्या सकाळी उठेचना. एक्स-रे लावून पाहिला तर हाडं आणि भोवतालचं मांस यांच्या रंगात फरकच कळत नव्हता, इतकी हाडं विरळ झालेली. मागच्या पायाचं हाड ओल्या फांदीसारखं अर्धवट मोडलेलं, आणि ते कुठेही पडलं नव्हतं. घरातल्या बाईंना मी कारण सांगितलं तेव्हा त्या रडल्या. चिकन चांगलं, भातही चांगला, मग चुकलं काय?

चुकलं ते ताटात नसलेल्या गोष्टीमुळे. मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. साधारण पंधरा-वीस पट फरक. कुत्र्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त लागतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की गळ्यातल्या छोट्या ग्रंथी ते हाडांतून ओढून काढतात, कारण हृदय आणि स्नायू त्याच्याशिवाय चालत नाहीत. पिल्लू खेळत राहतं, गुबगुबीत दिसतं, आणि आतून हाडं रिकामी होत जातात. रानातलं जनावर शिकार हाडांसकट खातं. आपण हाडं काढून फक्त मांस देतो आणि उत्तम दिलं असं समजतो.

दूध-पोळीची गोष्टही वेगळी नाही. तुम्ही म्हणाल, दुधात कॅल्शियम असतं की. असतं, पण हिशोब करून पाहा. शेरूला दिवसाला सुमारे 1000 कॅलरी लागतात आणि त्यांच्याबरोबर साधारण 3 ग्रॅम कॅल्शियम. ते नुसत्या दुधातून मिळवायचं तर अडीच लिटर दूध पाजावं लागेल, आणि तेवढ्या दुधाने त्याला जुलाब होतील. आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या आतड्यातली दूधसाखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. दही त्या मानाने सोसतं. पोळीचा प्रश्न आणखी निराळा: गव्हाच्या कोंड्यातला आणि डाळींतला एक घटक जस्त धरून ठेवतो, आतड्यात शोषू देत नाही. पोळी-वरणावरच वाढलेल्या पिल्लांच्या डोळ्यांभोवती आणि कोपरांवर जाड खपल्या दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. घरोघर मात्र त्यावर खरजेचं औषध चोळलं जातं.

आणि कोवळं ऊन. आपल्याकडे तान्ह्या बाळाला उन्हात ठेवतात तसं पिल्लालाही ठेवतात. ठेवा, त्याला छान वाटतं. पण माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं तसं कुत्र्याच्या कातडीत पुरेसं होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळालं पाहिजे, आणि वरण-भातात ते नसतं.

मग बाटलीने का भागत नाही? कारण लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन या मोठ्या जातींच्या लहान पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. मोठा कुत्रा गरजेपुरतं शोषतो आणि बाकीचं सोडतो. तीन-चार महिन्यांचं पिल्लू पोटात येईल त्यातलं पुष्कळसं शोषूनच घेतं. जास्त झालं तर कूर्चेचं, म्हणजे कोवळ्या मऊ हाडाचं, पक्क्या हाडात रूपांतर होण्याची लय बिघडते, सांधे दुखतात, पाय वाकडे वाढतात. म्हणजे कमी पडलं तरी पाय वाकडे, जास्त झालं तरी वाकडे. धंद्याच्या सुरुवातीला मीही येणाऱ्या प्रत्येक पिल्लाला सरसकट ही बाटली लिहून देत असे. तो काळाचा रिवाज होता, पण चूक ती चूकच, आणि आज कुणी ती बाटली समोर ठेवली की मला ती पिल्लं आठवतात. संतुलित दाण्यांत लागतं तेवढं कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. त्यावर बाटली ओतू नका.

म्हणून शेरूसाठी मोठ्या जातीच्या पिल्लांचे दाणे आणा. पाकिटावर दोन गोष्टी बघा: हे वाढीच्या वयासाठी पूर्ण अन्न आहे असं लिहिलेलं असावं, आणि कॅल्शियम 1 ते दीड टक्क्याच्या दरम्यान असावं. महाग पाकीट म्हणजे चांगलं पाकीट असं नसतं. आजच्या वजनाला दिवसाचे साधारण 240 ग्रॅम दाणे, चार वेळांत विभागून, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. तीन महिन्यांचा झाला की तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. उरलेल्या 100 कॅलरी, म्हणजे दिवसाच्या खाण्याचा दहावा हिस्सा, तुमच्या हातच्या: एक उकडलेलं अंडं आणि दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा, किंवा वाटीभर दही आणि थोडं गाजर. एवढ्या घरच्या खाण्याने दाण्यांचं संतुलन बिघडत नाही आणि तुमच्या मनालाही समाधान.

शेरू जास्त मागेल. लॅब्राडॉर मागतोच, त्याचं पोट भरलंय हे त्याच्या डोळ्यांना कधी कळत नाही. तिथे मन घट्ट करा. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घालत त्यांना आयुष्यभर पाहिलं गेलं. 2002 मध्ये निष्कर्ष छापले: कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. दोन वर्षं म्हणजे लॅब्राडॉरच्या आयुष्याचा सहावा-सातवा हिस्सा. नेमकं वजन ओळखायची सोपी खूण सांगतो. आपला हात टेबलावर उपडा ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या हाताच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून फिरवा. शेरूच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत: दिसणार नाहीत, पण न दाबता मोजता येतील.

आता मोती. त्याची वाढ झालेली आहे, त्यामुळे तिथे थोडी सूट मिळते. 10 किलोच्या, घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 630 कॅलरी लागतात. तुमच्या स्वयंपाकघरात बसेल असं त्याचं एका दिवसाचं माप असं: दोन अंडी, घरी फाडलेल्या गायीच्या दुधाचं पनीर 60 ग्रॅम, कोरड्या सोयाबीन वड्या 25 ग्रॅम, कच्चे तांदूळ 50 ग्रॅम, लाल भोपळा, गाजर किंवा दुधी मिळून 80 ग्रॅम, एक चहाचा चमचा सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल, चिमूटभर आयोडीनचं मीठ, आणि अंड्याच्या टरफलाची पूड पाव चमचा, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. यातून साधारण 40 ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि ती त्याला पुरतात.

यातलं एकेक का, तेही सांगतो, कारण कारण कळलं की माणूस मनाने फेरफार करत नाही. अंडं काढू नका. डाळी-सोयाबीनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, ती अंडं भरून काढतं, आणि वनस्पतीत नसलेलं ब-12 जीवनसत्त्वसुद्धा त्यातून येतं. ते पूर्ण शिजवा. कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. सोयाबीन वड्या आपल्या माळव्यात कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. त्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, ते पाणी टाकून मग शिजवा, म्हणजे गॅस कमी धरतो. तेल शिजवल्यावर वरून घाला. त्वचेला लागणारं मेदाम्ल त्यातून मिळतं. तूप घातलं तर चव येईल, पण ते काम होणार नाही.

भाताबद्दल हल्ली लोक घाबरवतात की कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य चालतच नाही. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून तो आपलं अन्न पचवायला शिकला. फक्त त्याच्या लाळेत ते पचवणारा रस नसतो, म्हणून भात मऊ, आपल्या आजारपणातल्या भातासारखा शिजवा. मोकळा शिजवलेला भात तसाच बाहेर पडताना दिसेल.

टरफलांची पूड घरी करा. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, वाळवा, तव्यावर कोरडी भाजा आणि मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक करा. बोटांत चोळून खर लागली तर पुन्हा फिरवा, कारण जाडसर पूड शोषली जात नाही. त्या पुडीत चाळीस टक्क्यांच्या जवळपास कॅल्शियम असतं. उद्या तुम्ही बाहेरून शिजवलेलं बिनहाडाचं चिकन आणून पनीर-सोयाबीनऐवजी दिलंत तर हीच पूड दिवसाला 2 ग्रॅम लागेल, कारण पनीरचं कॅल्शियम गेलं आणि मांसाचा फॉस्फरस आला. म्हणूनच म्हणतो, जिन्नस बदलला की पूडही बदलते. पाच-सहाशे रुपयांचा छोटा काटा घ्या. चमच्याने मोजणाऱ्या घरांत दोन महिन्यांत माप कुठल्या कुठे गेलेलं मी पाहिलं आहे.

एवढं करूनही हे ताट पूर्ण होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी 2013 मध्ये पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून घेतलेल्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. त्यांपैकी 95 टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्यांतल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. माझ्या वरच्या मापातही ड आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं कमी पडतं. त्यासाठी घरी शिजवलेल्या कुत्र्यांच्या जेवणात मिसळायची जीवनसत्त्व-खनिजांची पूर्ण पावडर मिळते. तुमच्या डॉक्टरांकडून मोतीच्या वजनाला किती ते लिहून घ्या, आणि त्या पावडरीत कॅल्शियम किती आहे ते त्यांना बघायला सांगा. असेल तर टरफलाची पूड तेवढी कमी. केसांना चमक आणणारं सिरप म्हणजे ही पावडर नव्हे.

कुकरमध्ये तांदूळ, वड्या आणि भाज्या एकत्र शिजवल्या, अंडी वेगळी उकडून कुस्करली, पनीर मिसळलं, की झालं. तीन दिवसांचं एकदम करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. तेल, पूड आणि पावडर मात्र रोज वाढताना घाला. वैशाखात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वाढलेलं अन्न अर्ध्या तासात उचला. मोतीचं पोट नव्या खाण्याला सरावलेलं नाही, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला.

पोह्यांवर थोडं थांबतो, कारण हा आपल्या गावाचा प्रश्न आहे. इंदूरची सकाळ पोहे-जिलबीशिवाय उगवत नाही, आणि प्रत्येक ठेल्याशी दोन-चार कुत्री द्रोणाकडे डोळे लावून बसलेली असतात. त्या पोह्यांवर बारीक चिरलेला कांदा, मूठभर सेव, वरून जीरावन मसाला. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवलेला, तळलेला, वाळवलेला, पूड केलेला, सगळा सारखाच. वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला की धोका सुरू होतो, मोतीच्या बाबतीत तो 50 ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. थोडाथोडा रोज खाल्ला तरी परिणाम साचत जातो. लक्षणं लगेच दिसत नाहीत: तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी गडद तांबडी होते, कुत्रा जिना चढताना धापा टाकतो, आणि तोवर पोहे कुणाला आठवत नाहीत. लसूणही त्याच कुळातला. सेव म्हणजे बेसन, तेल आणि मीठ. सेव किंवा तुपात बुडवलेला बाफला (उकडून भाजलेली बाटी) खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री मी लग्नसराईत आणि सणांच्या दुसऱ्या दिवशी नेमाने पाहतो: पाठीची कमान करून उभी, पोटाला हात लावू न देणारी, सारखी ओकणारी. स्पिट्झ, पग अशा घरात बसून असलेल्या कुत्र्यांना हे जास्त.

आजोबांना मात्र नुसतं नको म्हणू नका. सात वर्षं मोती आणि ते सकाळी एकत्र बसतात, ती बैठक मोडायचं काही कारण नाही. त्यांच्या हाताशी एका वाटीत मोतीच्याच वाट्याच्या अंड्याचे तुकडे, गाजराच्या चकत्या किंवा बिनमिठाचे चार चुरमुरे ठेवा. मोतीला पोह्यांची नाही, आजोबांच्या हाताची ओढ आहे.

वरणाचंही तसंच. फोडणी घालण्याआधी काढून ठेवलेलं साधं वरण चमचाभर चालेल. चिंच-गुळाची आमटी मुळीच नको. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात हे बरेच दिवस माहीत होतं. 2021 पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि चिंचेत ते भरपूर असतं. चिंच खाऊन तसाच त्रास झालेल्या कुत्र्यांची नोंदही आहे. त्यामुळे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बेदाण्यांसकट देऊ नका, प्रसादाला नाही म्हणू नये वगैरे मनात आलं तरी. चॉकलेट नको. शुगर-फ्री च्युइंगगम आणि गोळ्यांमधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, तर जिवावर बेततं, त्याने तासाभरात कुत्र्याच्या रक्तातली साखर खाली येते. आजोबांना मधुमेह असेल तर तशा गोळ्या मोतीच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. शिजवलेली हाडं कुणी प्रेमाने आणून दिली तरी घेऊ नका. शिजल्यावर ती सुयांसारखी फुटतात.

या शहराने 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर राखला, ओला कचरा वेगळा ठेवणं आता हाताला सवयीचं झालंय. रात्रीची उरलेली फोडणीची भाजी त्या ओल्या डब्यात जाऊ द्या. कुत्र्याचं भांडं हा तिसरा डबा नव्हे.

शेरूचं वजन दर रविवारी सकाळी, खाण्याआधी करा: आधी त्याला उचलून तुम्ही काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या. आकडा वहीत लिहा, बाजूला शी कशी होते तेही. घट्ट, उचलली तर जमिनीला फारसा डाग न राहणारी हवी. सलग दोन दिवस पातळ झाली, रक्त दिसलं, किंवा तो एखाद्या पायावर भार टाकेनासा झाला तर वाट पाहू नका. पुढच्या लसीच्या वेळी ती वही बरोबर न्या आणि जंताच्या औषधाची तारीखही तपासा. तीन महिन्यांपर्यंत ते दर पंधरा दिवसांनी लागतं, आणि जंत असतील तर यातलं कुठलंही माप त्याच्या अंगी लागणार नाही. मोतीचं रक्त नवं जेवण सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. पहिल्या अहवालात हिमोग्लोबिन किती येतं ते मला जरूर कळवा. त्या पोह्यांमुळे माझं लक्ष तिथेच आहे.